ध्रुव आला की नागराजला काही सुचत नाही

नागराजच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप राहतात, हे मी विनातक्रार मान्य केलेलं आहे. त्याच्या मनगटांतून हवे तेवढे नाग बाहेर पडतात आणि काम आटोपलं की शिस्तीत परत आत जातात, हेही मान्य. परमाणू पट्ट्यावरचं बटण दाबून मुंगीपेक्षा लहान होतो, अँथनी मेल्यानंतरही कबरीतून उठून ड्युटीवर हजर होतो, डोगाच्या हाकेला मुंबईतली समस्त भटकी कुत्री धावून येतात (आमच्याकडे ती हाकेविनाच धावून येतात), यातल्या कशालाच माझी हरकत नाही. अशक्य गोष्टी पचवण्याच्या बाबतीत माझी प्रकृती ठणठणीत आहे. पचत नाही तो विसराळूपणा. स्वतःच्या अंकात इच्छाधारी शक्ती वापरून जो नागराज कणाकणांत विरघळतो आणि भिंतीपलीकडे जाऊन पुन्हा सांधला जातो, तोच दुसऱ्या नायकाबरोबरच्या विशेषांकात पिंजऱ्यात अडकतो आणि गज हलवत उभा राहतो. अरे बाबा, विरघळ ना! आम्ही वाचक इकडे घसा कोरडा करतोय आणि हा ध्रुव कधी येतो याची वाट बघतोय.

ज्यांचं बालपण अभ्यासात वाया गेलं त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 मध्ये नागराज आणला. त्याचा पहिला चेहरा काढला पुण्याच्या प्रताप मुळीकांनी, त्यामुळे त्याच्यावर आपला निम्मा हक्क आहे. 1987 मध्ये अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आला: सर्कशीत वाढलेला, आईबाप सर्कशीच्या आगीत गमावलेला, अंगात कसलीही दैवी शक्ती नसलेला, डोक्याने लढणारा पोरगा. मग नव्वदच्या दशकात मुंबईचा डोगा आला. आमच्या सोलापुरात ही मंडळी स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि एसटी स्टँडवर विकत मिळत. आणि ज्यांना विकत परवडत नसत त्यांना, म्हणजे आम्हा सगळ्यांना, ती भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात मिळत. घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणारी सोलापूरची पोरं हिंदी शिकली ती हिंदीच्या तासाला नव्हे, या दुकानाच्या फळीवर बसून. ‘प्रतिशोध’, ‘विध्वंस’, ‘सर्वनाश’ असे भारदस्त शब्द आम्हाला पाठ होते. बाजारात भाजी मागायचं हिंदी मात्र येत नव्हतं.

मग कंपनीच्या लक्षात आलं, की एका अंकात एक नायक घातला तर एक अंक खपतो, दोन घातले तर दोघांचेही भक्त तोच अंक घेतात. यालाच मल्टीस्टारर म्हणतात. ‘कोहराम’सारख्या विशेषांकांत तर अख्खी फौज उतरली. त्या फौजेला ‘ब्रह्मांड रक्षक’ असं माफक नाव मिळालं. आणि इथून पुढे स्वभावाचे वांधे सुरू झाले.

मल्टीस्टाररचा मूळ नियम मी बरेच अंक झिजवून काढला आहे: ज्याच्या हातात लेखणी, त्याच्या पोराला पहिला नंबर. ध्रुवचे जन्मदाते सिन्हासाहेब मोठे गुणी लेखक आणि चित्रकार. पुढे नागराजही त्यांच्याकडेच आला आणि एकत्रित विशेषांकही बऱ्याचदा तेच लिहू लागले. आता ध्रुवची ताकद काय, तर बुद्धी. एकट्याच्या अंकात ती बुद्धी झकास चालते. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एखादं तत्त्व काढून तो खलनायकाला आडवा करतो आणि आपल्यालाही वाटतं, की आपण त्या तासाला जागे राहायला हवं होतं. पण भोवती दहा महाबली उभे असताना ध्रुवची बुद्धी चमकवायची, तर उरलेल्या दहांची विझवावी लागते. मग साक्षात देवीचं बळ लाभलेली ‘शक्ती’ नावाची नायिका गोंधळून उभी राहते. परमाणूचा वैज्ञानिक पट्टा कमरेला असून नसल्यासारखा. नागराजच्या अंगातले कोट्यवधी साप सामूहिक रजेवर. आणि पिवळ्या-निळ्या कपड्यांतला ध्रुव पुढे होऊन सांगतो, की पाण्यातून वीज वाहते. सगळे ब्रह्मांड रक्षक चकित होतात. ब्रह्मांडाचं काय होणार याची खरी काळजी मला तिथे वाटते.

डोगाची तऱ्हा तर त्याहून दयनीय. स्वतःच्या अंकात हा माणूस गुन्हेगाराला पोलिसांच्या ताब्यात देण्याच्या फंदात पडत नाही, थेट वरती पाठवतो. उकिरड्यावर सापडलेलं पोर, एका डाकूने वाढवलेलं. त्याचा राग आपल्याला समजतो. पुढे त्याला घडवलं कोणी, तर व्यायामशाळेतल्या चार भावांनी: अदरक चाचा, हल्दी चाचा, धनिया चाचा आणि काली मिर्च चाचा. (मुंबईऐवजी सोलापुरात वाढला असता तर पाचवे शेंगा काका नक्की होते.) असा हा जळजळीत फोडणीचा गडी ध्रुवच्या शेजारी उभा राहिला की एकदम वरणभात होतो. ध्रुव कोणाला ठार मारत नाही, म्हणून डोगाही मारत नाही. बंदूक हातात असते, गोळ्या छताला लागतात. बरं, त्याला उपरती झाली, हृदयपरिवर्तन झालं म्हणावं, तर पुढच्या महिन्यात घरी गेल्यावर पुन्हा धडाधड सुरू. पाहुण्यांकडे गेल्यावर कांदा-लसूण न खाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान निघताना तोंड तरी वाकडं करतात.

शिवाय प्रत्येक भेटीत आधी मारामारी. दोन नायक भेटले, की पहिली पंधरा पानं गैरसमजातून एकमेकांना बुकलायचं, मग खरा शत्रू तिसराच असल्याचं कळायचं. अमेरिकेतही हीच पद्धत आहे. 1976 साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एकाच मोठ्या पुस्तकात भेटले, ते प्रथेप्रमाणे आधी एकमेकांना भिडले. दोन वेगळ्या कंपन्यांचे हे दोन नायक एकाच जगात राहतात, हे तोवर कोणालाच कसं ठाऊक नव्हतं, याचा खुलासा करण्याच्या भानगडीत तिथे कोणी पडलं नाही. अशी गैरसमजाची मारामारी सोलापूरच्या एसटी स्टँडवर घडूच शकत नाही. इथे दोन अनोळखी माणसं बाकावर शेजारी बसली, की पहिला प्रश्न येतो, “कुठलं म्हणायचं बे तुम्ही?” तिसऱ्या मिनिटाला कोणाची तरी आत्या कोणाच्या तरी चुलत्याला दिलेली निघते. नागराज महानगरचा आणि ध्रुव राजनगरचा, हे कळायला पंधरा पानं आणि दोन इमारती कशाला पाडायला हव्यात? आणि ही महानगर-राजनगर नावाची गावं डोगाच्या खऱ्याखुऱ्या मुंबईपासून किती लांब, तिथे जायला कोणती गाडी, हेही कधी नीट कळलं नाही. कधी पोचायला रात्र जाते, कधी दोन चौकटी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबईला जाणाऱ्या माणसाला हे लागतं मनाला.

निर्दोष म्हणावा असा एकच मल्टीस्टारर माझ्या वाचनात आला, आणि तो कंपनीने काढलेला नव्हता. आमच्या भाड्याच्या दुकानदाराने काढलेला होता. पोरं कव्हरं फाडायची, खलनायकाचं चित्र कापून दप्तराला चिकटवायची, म्हणून तो सुटी पानं गोळा करून पुठ्ठ्यात घालायचा आणि यंत्रमागाच्या जाड सुताने शिवायचा. एकदा त्याने नागराजच्या अंकाचा पुढचा अर्धा भाग आणि भोकालच्या अंकाचा मागचा अर्धा भाग एकत्र शिवला. सोळाव्या पानावर नागराज एका भुयारात उतरतो आणि सतराव्यावर प्राचीन काळातला भोकाल तलवार उपसून राक्षसासमोर उभा. सुताची गाठ बरोबर दोघांच्या मधोमध. आमच्या वर्गात या कथेवर आठवडाभर वाद झाला. एका पक्षाचं म्हणणं, भुयारातून भूतकाळात वाट निघते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, भोकाल हा नागराजचा पूर्वजन्म. एकाने तर राक्षसाच्या कानातल्या कुंडलावरून तो पहिल्या अर्ध्यातलाच तस्कर असल्याचं सिद्ध केलं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “भाडं एकाचंच लावलंय, गप वाचा की.” पण आज विचार करताना वाटतं, त्या पुस्तकात कोणाच्याही स्वभावाला धक्का लागला नव्हता. नागराज नागराजसारखाच होता, भोकाल भोकालसारखा. शिवणाऱ्याने दोन्ही कथा वाचल्याच नव्हत्या, म्हणून कोणाची बाजू घ्यायचं त्याला सुचलं नाही.

या विषयावर माझं सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते पूर्व भागातल्या एका वर्गमित्राशी. त्याचं घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं, आणि घरात रामाच्या तसबिरीशेजारी एन. टी. रामाराव. त्याचा मुद्दा बिनतोड होता. ‘दान वीर शूर कर्ण’ या 1977 च्या सिनेमात रामारावांनी कर्ण, दुर्योधन आणि कृष्ण अशा तिघांच्या भूमिका केल्या, दिग्दर्शनही स्वतःच केलं. “माणूस एकच,” मित्र म्हणाला, “तरी कर्ण कर्णासारखा वागतो, कृष्ण कृष्णासारखा. तुझ्या नागराजला वेगळा माणूस लिहायला बसला की तो दुसराच होतो. मग मोठं कोण?” मी म्हणालो, रामाराव मोठे. दुसरं काय म्हणणार. जेवायला त्याच्याच घरी बसलो होतो.

खरं तर एका कथेतला नायक दुसऱ्या कथेत नेण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे आणि जुन्यांनी ती आपल्याहून बरी हाताळली आहे. वनपर्वात भीम आणि हनुमान भेटतात तो प्रसंग बघा. दोन युगांतले दोन महाबली, दोघेही वायुपुत्र. आजचा लेखक असता तर वीस पानं झटापट लावली असती. व्यासांनी एक शेपूट वाटेत आडवी टाकली आणि भीमाला म्हणाले, उचल. भीम उद्धट तो उद्धटच राहतो, हनुमान शांत तो शांतच. आणि मुख्य म्हणजे पुस्तक पांडवांचं असून जिंकतो पाहुणा! यजमान लेखकाने घरच्या पोराला सगळ्यांसमोर घाम फोडला. तसाच परशुराम. रामायणात रामापुढे तेज गमावून निघून गेलेला हा माणूस महाभारतात भीष्माशी लढतो, कर्णाला शिकवतो आणि खोटं बोलल्याचं कळताच शाप देतो. एवढं युग पालटलं, पण रागाचा पारा तसूभर उतरलेला नाही. याला म्हणतात सातत्य.

आणि जिथे सातत्य जमलं नाही, तिथे काय करायचं हेही ठरलेलं होतं. आमच्या गल्लीतल्या मारुतीसमोर कीर्तनाला बसलेल्या एका पोराने बुवांना विचारलं, की गणपतीचा दात परशुरामाने परशूने तोडला, का गणपतीने तो चंद्रावर फेकला, का महाभारत लिहायला स्वतः मोडून घेतला? मागच्या तीन कीर्तनांत तीन वेगळी कारणं आली होती. बुवांनी झांजवाल्याकडे बघितलं, उपरणं सावरलं आणि म्हणाले, “कल्पभेद!” म्हणजे हे त्या कल्पात घडलं, ते दुसऱ्या कल्पात. झांज वाजली, विषय संपला. अमेरिकेतल्या डीसी कंपनीला हेच काम करायला केवढा खटाटोप पडला! तिथे 1961 मध्ये जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश यांची गाठ घालून द्यायला दोन पृथ्व्या मानाव्या लागल्या. मग पृथ्व्या वाढत गेल्या, हिशेब लागेना, तेव्हा 1985 मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ नावाची बारा अंकांची मोहीम काढून, सुपरगर्ल आणि फ्लॅश यांचा बळी देऊन, सगळ्या पृथ्व्या एकात कोंबल्या. एवढं करून हॉकमनचा गुंता पहिल्याहून वाढलाच. एक बुवा आणि एक झांजवाला पाठवला असता तर दुपारी आटोपलं असतं.

सोलापूरकराला सातत्य सांभाळल्याचं उदाहरण शोधायला लांब जायचंही कारण नाही. हात जोडून सांगतो: आमच्या सिद्धरामेश्वरांवर राघवांकाचं कन्नड चरित्रकाव्य आहे. त्यात अर्थातच सिद्धराम नायक. पुढे पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’त अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला, येतात, तळ्याच्या कामावर वादाला तोंड फुटतं, सिद्धरामांना संताप येतो आणि शेवटी ज्ञानाची बाजू अल्लमांकडे झुकते. ग्रंथ बदलला, मध्यभागी उभा असलेला माणूस बदलला. पण त्या लेखकांची सभ्यता बघा. सिद्धरामांना त्यांनी कुठेही लेचंपेचं केलं नाही. राग यावा तो त्यांच्यासारख्या कर्मयोग्यालाच यावा, आणि पटल्यावर मान खाली घालावी तीही त्यांनीच. आणि तळं कोणी विसरलं नाही. ते अजून तिथेच आहे, मधोमध देवळासह. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आलात तर बघून घ्या.

राज कॉमिक्सच्या आधी आमच्या मोठ्या भावंडांच्या पिढीकडे वेताळ होता. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सचा 1964 पासूनचा हा हुकमी एक्का. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला, त्यामुळे गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या वेतोबाला घाबरणारी पोरं पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतल्या वेताळाच्या प्रेमात पडली, हा कल्पभेदही आम्ही मुकाट पचवला. वेताळाची सगळी गंमत अशी, की त्याच्याकडे काहीच शक्ती नाही. बाप मेला की पोरगा तोच मुखवटा चढवतो, आणि जगाला वाटतं हा अमर आहे. त्याच्या अंगी दहा वाघांचं बळ असल्याची जंगलात म्हण होती, पण ती म्हण होती. 1986 मध्ये ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या कार्टूनमध्ये त्याला फ्लॅश गॉर्डन आणि मँड्रेकच्या टोळीत घातलं. बाकीचे यानं उडवणार, जादू करणार, आणि हा नुसता गुद्दे मारणार, हे बरं दिसेना. मग काय, हाक मारली की वेताळाच्या अंगात खरोखरच दहा वाघ शिरू लागले! म्हणीची जादू झाली आणि वेताळाचा अंगात आलेला भगत झाला. याच मँड्रेकला ली फॉकने 1977 मध्ये वेताळ आणि डायनाच्या लग्नाला बोलावलं होतं. आला, लग्नात उभा राहिला, कोणाच्या अंगात काही घातलं नाही. पाहुण्याने असं यावं.

आता ताजी परिस्थिती. आजमितीला नागराज एक नाही, किमान तीन आहेत: विश्वरक्षक नागराज, आतंकहर्ता नागराज आणि नरक नाशक नागराज. आमच्या गल्लीत तीन सिद्धाराम होते, एक दूधवाला, एक वायरमन आणि एक नुसताच. तशी ही व्यवस्था. फरक इतकाच, की आमच्या तिन्ही सिद्धारामांचे आईबाप वेगवेगळे होते. इथे मात्र एकाच नागराजला आधी प्रोफेसर नागमणीने दहशतीचं हत्यार म्हणून तयार केलेलं, आणि नंतर तो तक्षकनगरचा राजपुत्र निघालेला. ‘नागायण’ मालिकेत तर त्याला भविष्यकाळातलं अख्खं रामायण जगायला लावलं. ‘सर्वनायक’ मालिकेत भोकाल, गोजो, योद्धा असे जुन्या युगांतले आणि आजचे नायक समोरासमोर आणले. म्हणजे आमच्या दुकानदाराने सुताने जे एका दुपारी केलं, ते करायला यांना कितीतरी अंक लागले. त्यात आता राज कॉमिक्सच्याच घरात भावाभावांची प्रकाशनं वेगळी झाली आहेत. संजय गुप्तांच्या नावाने वेगळी, मनोज गुप्तांच्या नावाने वेगळी. अमेरिकेत समांतर विश्व तयार व्हायला वैश्विक स्फोट लागतो. आपल्याकडे वाटणीपत्र पुरतं.

तर माझा निकाल असा. नायकाला हवं तर तीनदा जन्माला घाला, बाप बदला, गाव बदला, दर पाच वर्षांनी मारून जिवंत करा. त्याला कल्पभेद म्हणून आम्ही झांज वाजवू. फक्त दुसऱ्याच्या अंकात पाठवताना त्याची अक्कल त्याच्याबरोबर पाठवा. एखादा उपाय नागराजला स्वतःला सुचू द्या. ध्रुवची पिवळी-निळी इज्जत त्याने काही कमी होणार नाही. उलट दुसऱ्याचं ऐकून घेतो म्हणून वाढेल.

आणि वाचकांना एक विनंती. माझ्या ‘नागायण’च्या संचातलं ‘दहन कांड’ वाचायला म्हणून कोणीतरी नेलं, ते परत आलं नाही. त्यामुळे नागराजच्या लंकेला आग कोणाच्या डोक्याने लागली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. संशय ध्रुववर आहे. अंक कोणाकडे असेल तर द्या. कव्हर फाडणार नाही, भाडं रोख देईन.